आजींना पाणी कमी नको

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो. अशा दिवसांतही स्मृतिभ्रंश झालेल्या आजींना, कपडे ओले होऊ नयेत म्हणून, पाणी कमी देण्याचा मोह घरच्यांना होतो. तो घातक आहे. शरीर कोरडं पडतं, लघवी गडद होऊन जळजळते, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो; मग आजी एकाएकी जास्तच भ्रमात बोलू लागतात.

कपडे ओले होणं हा आजींचा हट्ट नव्हे. लघवी रोखण्याचं नियंत्रण मेंदूच्या पुढच्या भागाकडे असतं आणि आजारात तोच दुबळा होतो. कधी बाथरूमचं दारच ओळखू येत नाही.

ठरावीक वेळाने नेणं, दारावर ठळक चित्र, रात्री दिवा, नाडीऐवजी इलास्टिक, यांनी पुष्कळ फरक पडतो. मूत्राशयाच्या काही गोळ्या मात्र विसराळूपणा वाढवतात. त्या सुरू करण्याआधी डॉक्टरांना स्मृतिभ्रंशाबद्दल सांगायलाच हवं.