पसरकाराची वही

गोमंतकात गावच्या किराणा दुकानाला ‘पसरो’ म्हणतात आणि ते चालविणाऱ्याला ‘पसरकार’. ‘पसरणे’ या क्रियापदाशी या शब्दाचे नाते उघड आहे. माल पसरून बसतो तो पसरकार. फळ्यांची दारे, समोर टांगलेला तराजू, गुळाची ढेप, सुक्या मिरचीचे पोते, कोपऱ्यात रॉकेलचा डबा आणि गादीपाशी तांबड्या कापडात बांधलेली वही, एवढाच त्याचा पसारा. इतिहासाच्या ग्रंथांत गव्हर्नरांना व सेनापतींना पाने मिळतात, पसरकाराला ओळही मिळत नाही. तथापि राज्य पालटले, नाणे पालटले, माल येण्याची दिशा पालटली, की त्या पालटाचा अर्थ सामान्य घराला प्रथम कळे तो याच दुकानाच्या पायरीवर.

पसरकार हा केवळ विकणारा नव्हता, तो घेणाराही होता. नारळ, सुपारी, उन्हाळ्यातील काजूच्या बिया, असा बागायतीचा माल त्याच्याकडे येई आणि त्या बदल्यात मीठ, तेल, कापड, काडेपेटी घरी जाई. मृगापूर्वीची लगबग तर विशेष असे. पावसाळ्याच्या चार महिन्यांची बेगमी करण्याला गोव्यात ‘पुरुमेंत’ म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला आणि हिंदू व ख्रिस्ती अशा दोन्ही घरांत रुळला. मडगावच्या पवित्र आत्म्याच्या चर्चचे फेस्त या बेगमीच्या बाजारासाठी ‘पुरुमेंताचे फेस्त’ म्हणूनच प्रसिद्ध आहे. मिरची, आमसुले, सुकी मासळी यांची खरेदी तेथे होते. परंतु बेगमी करायला हाती रोकड लागते आणि शेतकऱ्याच्या हाती ऐन उन्हाळ्याच्या अखेरीस ती क्वचितच असे. म्हणून पुष्कळ घरांचा पावसाळा पसरकाराच्या वहीवर निघे.

त्या वहीचा दुसरा आधार परदेशी गेलेल्या माणसांच्या घरांना होता. गोव्यातील असंख्य तरुण मुंबईला, पूर्व आफ्रिकेला अथवा बोटीवर नोकरीस जात. मुंबईत गावोगावचे लोक आपापल्या ‘कुडा’त एकत्र राहत व मिळकतीतून शिल्लक घरी धाडत. पैसा येई तो येई, पण चूल मात्र रोज पेटावी लागे. मधल्या महिन्यांत आई किंवा पत्नी पसरकाराकडे जाऊन ‘मांडून ठेव’ एवढेच सांगे. बोटीवरच्या माणसाचे पत्र उशिरा आले तर घरच्यांइतकीच चिंता पसरकारालाही लागे, कारण त्या पत्रात त्याचेही भांडवल अडकलेले असे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पसरकार बहुधा हिंदू असे व त्याचा हिशेब मोडीत अथवा बाळबोधीत असे. ख्रिस्ती गिऱ्हाइकाला अक्षरओळख असली तर ती रोमी लिपीची. म्हणजे ज्या वहीत त्याचे ऋण लिहिलेले, ती त्याला वाचता येत नसे. शेजारच्या निरक्षर हिंदू कुळवाड्याची स्थिती याहून निराळी नव्हती. दोघांनीही विश्वास ठेवायचा तो अक्षरांवर नव्हे, तर अक्षरे लिहिणाऱ्यावर. हा विश्वास सर्वत्र सार्थ ठरला असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. उधारीवरचा माल महाग पडे, पीक आधीच ठरलेल्या स्वस्त भावाने उचलले जाई आणि आजारपण किंवा लग्न मध्ये आले, की आकडा फुगून दागिना वा माडांची बाग त्याखाली दबे. तीच वही एका घराला काठी होई, तर दुसऱ्याला बेडी.

म्हणूनच मापाच्या सचोटीला सर्व समाजांनी धर्माचा व कायद्याचा विषय मानले. बायबलातील नीतिसूत्रांच्या पुस्तकात खोट्या तराजूचा निषेध आहे, तर कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वजनेमापे तपासणाऱ्या ‘पौतवाध्यक्षा’चे काम सांगितले आहे. खेड्यात मात्र खरा अध्यक्ष लोकमत हाच असे. कोण शीग लावून माप देतो आणि कोण बोटाने ती पाडतो, हे विहिरीवर ठरे, आणि एकदा ठरलेली कीर्ती पुसायला पसरकाराला अर्धे आयुष्य लागे.

या विश्वासाची खरी कसोटी १९५४ नंतरच्या वर्षांत लागली. गोव्याच्या मुक्तीच्या प्रश्नावरून भारत सरकारने व्यापारावर व ये-जा करण्यावर निर्बंध घातले आणि १९५५ मध्ये रेल्वेचा दुवाही तुटला. घाटावरून येणारी भाजी, धान्य व कडधान्य थांबले. मग हॉलंडचे बटाटे, सिलोनचा चहा आणि पाकिस्तानचा तांदूळ मुरगाव बंदरातून दुकानात येऊ लागला. खेड्यातल्या बाईला जगाचा नकाशा पोत्यांवरून कळला. मुंबईकडून येणारा माणूस व पैसा या दोहोंच्या वाटेत अडथळे आले आणि वहीची पाने लांबत गेली.

पाठोपाठ नाणे पालटले. पूर्वी तेथे पोर्तुगीज हिंदुस्थानचा रुपया चाले व त्याचे १६ तंगे होत. आण्याची सवय असलेल्याला हा हिशेब सोपा होता. १९५८-५९ मध्ये रुपया गेला आणि एस्कुदो आला. एका रुपयास ६ एस्कुदो असा दर ठरला. म्हणजे दोन तंग्यांचा पाऊण एस्कुदो, चारांचा दीड, सहांचे सव्वादोन आणि आठांचे तीन. शाळेत पाठ केलेली पाउणकी कामास येण्याचा असा प्रसंग विरळाच! १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि लवकरच भारतीय रुपया चलनात आला. भारतात १ एप्रिल १९५७ पासूनच रुपयाचे १०० नवे पैसे झाले होते. अशा रीतीने चारपाच वर्षांच्या आत गोव्यातील गृहिणीला तीन प्रकारची नाणी शिकावी लागली. जाहीरनामे सरकारने काढले. पण जुने देणे नव्या नाण्यात किती, हे समजावून देण्याचे काम दुकानाच्या फळीवर झाले, आणि समजावणारा स्वतः त्या व्यवहारातला धनको होता. त्याने एक तंगा अधिक मांडला असता तर कोणास कळले असते?

दुकान हे गावाचे संमेलनस्थानही होते. चवथीच्या माटोळीचे सामान, फेस्ताची मेणबत्ती, बारशाचा गूळ आणि प्रेताच्या वेळचे कापड, सारे एकाच फळीवरून जाई. घरात काय घडले ते पसरकाराला मागणीवरूनच उमजे, आणि चांगला पसरकार तो, जो उमजलेले बोलून दाखवीत नसे.

आता हिशेब यंत्र करते, माल सीलबंद पुड्यांत येतो व पैसा मोबाइलवरून चुकता होतो. वजनाची लबाडी यामुळे अवघड झाली आणि उधारीची बेडीही पुष्कळ सैल झाली, हा लाभ थोडा नव्हे. गिऱ्हाइकाला आपले बिल वाचता येते, ही तर जुन्या वहीच्या तुलनेत मोठीच सुधारणा होय. परंतु २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली, मजुरी थांबली, तेव्हा ‘पैसे मागाहून द्या’ असे म्हणू शकणारा होता तो वाड्यावरचा ओळखीचा दुकानदारच. यंत्र हिशेब चोख ठेवते, थांबणे मात्र माणसालाच जमते. जुन्या वहीतला अन्याय परत यावा असे कोणी म्हणणार नाही. तिच्यातले थांबणे तेवढे नव्या व्यवहारात टिकावे. ते टिकवायचे तर गिऱ्हाइकानेही एक पथ्य पाळले पाहिजे. अडचणीत ज्या पायरीवर आपण उधार मागतो, सुबत्तेत तिच्याकडे पाठ फिरवू नये.