बांगड्यांचा आहेर

गेल्या पंधरवड्यात आमच्या पुरवणीत एक छायाचित्र प्रसिद्ध झाले. एका महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनास एक तरुण पायघोळ घागरा घालून आला होता. तो कोणत्या नाटकातील पात्र नव्हता, कोणाची टवाळी करण्याचाही त्याचा हेतू नव्हता. तो वेष त्याला आवडला म्हणून त्याने घातला, इतकेच. त्यावर आमच्याकडे आलेल्या पत्रांत संताप पुष्कळ आहे. एका सद्‍गृहस्थांनी तर अशा मुलांना बांगड्यांचा आहेर पाठवावा, अशी सूचना केली आहे. ती सूचना आम्हांलाही विचारार्ह वाटते. मात्र त्यांना अभिप्रेत असलेल्या कारणासाठी नव्हे.

बहुतेक पत्रांचा रोख 'हे पाश्चात्त्य खूळ आहे' असा आहे. २०१९ च्या ऑस्कर समारंभास अमेरिकन नट बिली पोर्टर घोळदार काळा झगा घालून आला आणि २०२० साली 'व्होग' मासिकाच्या अमेरिकन आवृत्तीच्या मुखपृष्ठावर हॅरी स्टाइल्स हा इंग्रज गायक झग्यात झळकला, हे खरे. आजची लाट तिकडून आली, हेही आम्ही नाकारीत नाही. परंतु स्त्रीवेषातील पुरुष पाहून दचकावे, एवढे आपण या दृश्यास अनोळखी आहोत काय? म्हार्दोळची म्हाळसा हे साक्षात विष्णूचे मोहिनीरूप. ही देवी जानवे धारण करते आणि आपण हात जोडतो. पेडण्यात आणि सिंधुदुर्गात दशावतारी कालावर आजही पुरुषच लुगडे नेसून रात्र जागवितात आणि आपण पोराबाळांसह पहाटेपर्यंत बसून राहतो. मंगेशीच्या दीनानाथांनी 'भावबंधना'त लतिका रंगविली. नारायणराव राजहंस तर १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत शकुंतला म्हणून उभे राहिले आणि पुढे बालगंधर्व म्हणून त्यांनी असे राज्य केले, की घरंदाज स्त्रिया त्यांच्या साडीची नेसण आणि केशरचना उचलू लागल्या. बाईने कसे नटावे, हे महाराष्ट्राला एका पुरुषाने शिकविले!

'नाटक वेगळे आणि रस्ता वेगळा,' असे यावर कोणी म्हणेल. आक्षेप रास्त आहे. कुलीन स्त्रीला रंगभूमी वर्ज्य होती म्हणूनच पुरुषाला लुगडे नेसावे लागले, हेही विसरता येणार नाही. तेव्हा जुन्या दाखल्यांनी सर्व प्रश्न मिटत नाही. मग रस्त्यावरच येऊ. आमच्या आजीचे नऊवारी लुगडे आणि आजोबांचे धोतर ही दोन्ही न शिवलेली वस्त्रे, आणि दोन्हींचा कासोटा मागे खोचलेला. आज आपल्या मुली पाटलोण घालून दुचाकीवरून कचेरीत जातात. त्याचे कोणास काही वाटत नाही. पॅरिससारख्या शहरात स्त्रीने पुरुषी वेष करावयाचा तर पोलिसांची परवानगी घ्यावी, असा १८०० सालचा हुकूम होता आणि तो रद्दबातल झाल्याचे फ्रेंच सरकारने २०१३ साली जाहीर केले. वापरातून तो केव्हाच गेला होता. स्त्रीने पुरुषाचे वस्त्र घेतले ते जगाने पचविले. पुरुषाने स्त्रीचे वस्त्र घेतले की मात्र घशात घास अडकतो. असे का?

उत्तर आपल्या बोलण्यातच आहे. 'माझी मुलगी मुलासारखी आहे,' असे बाप अभिमानाने सांगतो. 'माझा मुलगा मुलीसारखा आहे,' असे अभिमानाने सांगणारा बाप आम्हांला अजून भेटावयाचा आहे. मुलगी पाटलोण घालते तेव्हा ती एक पायरी वर चढली, असे आपण मानतो. मुलगा घागरा घालतो तेव्हा तो खाली उतरला, असे समजतो. म्हणजे राग घागऱ्याचा नव्हेच. बाईपण हीच खालची पायरी, ही समजूत त्यामागे आहे.

येथे आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. चळवळीच्या दिवसांत कचखाऊ अधिकाऱ्याच्या मेजावर बांगड्या ठेवण्याची रीत होती. त्या वेळी आम्हीही टाळ्या पिटल्या आहेत. आपण अपमान नेमका कोणाचा करीत आहोत, हे तेव्हा उमगले नाही. गोव्याच्या मुक्तीसाठी १९५५ साली म्हापशात अटक करवून घेणाऱ्या सुधाताई जोशी काय बांगड्या उतरवून पोर्तुगीजांपुढे गेल्या होत्या? भ्याडपणाची खूण म्हणून आम्ही जी वस्तू फेकली, ती आमच्याच आयाबहिणींच्या हातातली होती.

आणि विराटपर्व तरी काय सांगते? शंखाची कांकणे भरलेला, वेणी घातलेला बृहन्नडा रथ हाकीत होता आणि अंत:पुरात शौर्याच्या बढाया मारणारा राजपुत्र उत्तर कौरवसेना पाहताच रथातून उडी टाकून पळाला. त्याला धरून आणले ते कांकणांच्या हातांनीच, आणि कौरवांना पिटाळून लावले तेही त्याच वीराने. पुरुषार्थ वेषात नसतो, हे व्यासांनी सांगून ठेवले आहे.

कोणी काय नेसावे हे हुकमाने ठरविण्याचे परिणाम या भूमीने भोगले आहेत. १७३६ साली इन्क्विझिशनने बाटलेल्या गोमंतकीय पुरुषांचे धोतर आणि स्त्रियांची चोळी निषिद्ध ठरविली होती. उलट आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथीयांच्या खटल्यात, पेहराव हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असल्याचे स्पष्ट केले. घागरा घालणारा प्रत्येक तरुण तृतीयपंथी असतो असे नव्हे. पण न्याय दोघांनाही तोच लागू पडतो.

प्रत्येकाने घागरा घालावा, असा आमचा आग्रह नाही. आमचे स्वत:चे धोतर आम्हांला पुरते. तो वेष आवडला नाही तर खुशाल नाक मुरडावे. रुचीला सक्ती नसते. परंतु त्या मुलाच्या अंगावर हात टाकू नये, वर्गात त्याची हुर्यो होऊ देऊ नये आणि त्याच्या आईबापांस मान खाली घालावयास लावू नये. पत्रलेखक सद्‍गृहस्थांस एवढीच विनंती, की आहेर पाठविण्यापूर्वी घरातील बांगड्या भरलेल्या हातांकडे एकवार पाहावे. ते हात दुबळे आहेत, असे त्या हातांसमोर म्हणण्याचे धाडस त्यांना होते काय, ते आम्हांस अवश्य कळवावे.