कपलर जाड असला म्हणजे टिकतो?

गळीत हंगामात शिरोळ-जयसिंगपूर रस्त्यावर रात्री पुढच्या उसाच्या ट्रॉलीचा मागचा दिवा बंद असला, की ती अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. अशा वेळी आधी बल्ब बदलला जातो. पण दोष पुष्कळदा ट्रॅक्टर आणि ट्रॉली जोडणाऱ्या कपलरमध्ये असतो, आणि कपलरबद्दल आपल्याकडे समज फार पक्के आहेत.

पहिला समज: मोठा, जाड कपलर जास्त टिकतो. प्रत्यक्षात धातूचे दोन गुळगुळीत पृष्ठभागही एकमेकांना मोजक्या सूक्ष्म उंचवट्यांवरच टेकतात आणि सगळा करंट तेवढ्यातूनच जातो. म्हणून महत्त्व असतं ते पिन दाबून धरणाऱ्या पत्तीच्या ताणाला. नुसत्या तांब्याची पत्ती उष्णतेने लवकर सैल पडते, त्यामुळे चांगल्या कपलरात फॉस्फर ब्राँझसारखा मिश्रधातू वापरतात. घट्ट पत्तीची बारीक पिन सैल झालेल्या जाड पिनेपेक्षा भरवशाची. शिवाय ती हलकी असल्याने खड्ड्यांत तिला हिसकेही कमी बसतात.

पिनेवरचा काळा थर दिसला की ‘कार्बन धरलाय’ म्हणतात आणि पॉलिश पेपर फिरवतात. तो थर बहुधा कथिलाच्या ऑक्साइडचा असतो. सततच्या थरथरीने पिन मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढी पुढेमागे सरकते, कथिलाचा मुलामा झिजतो, झिजलेल्या कणांवर ऑक्साइड चढतं आणि ते तिथेच साचतं. पेपर मारला की उरलासुरला मुलामाही जातो, आतलं पितळ उघडं पडतं आणि पिन आधीपेक्षा लवकर खराब होते. खरा उपाय पिनच बदलण्याचा, आणि तोही महाग नाही.

मग सोन्याचा मुलामा सगळीकडे का नको? इंजिनाच्या सेन्सरमधून अगदी कमी व्होल्टेजचे सिग्नल येतात, त्यांना ऑक्साइडचा पातळ थरही अडवतो. तिथे सोनं योग्यच. पण सोन्याची पिन कथिलाच्या सॉकेटमध्ये बसवली, तर कथिलाची झीज वाढते. दोन्ही बाजूंना मुलामा एकच हवा.

पाण्याबाबतचा समज या तालुक्यात सर्वांत महागात पडतो. कपलरवर ‘आयपी ६७’ लिहिलेलं असलं, की तो पुरातही टिकेल असं वाटतं. ती चाचणी एक मीटर पाण्यात ३० मिनिटांची असते, तीही स्वच्छ पाण्यात आणि कपलर पूर्ण जोडलेला असताना. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेचं गढूळ पाणी इथे कित्येक दिवस हललं नव्हतं. वॉशिंग सेंटरमधल्या जोरदार फवाऱ्याची तर चाचणीच वेगळी असते. त्यातही गरम कपलरवर गार पाणी पडलं की आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढलं जातं; कधी ते वायरच्या तारांमधूनही सरकत येतं. म्हणूनच कपलर साबूत दिसतो, पण तिथून वीतभर अंतरावर वायर सोलली तर तांबं काळं-हिरवं पडलेलं आढळतं. क्षारपड रानातलं पाणी असेल तर हा गंज आणखी वेगाने चढतो. वापरात नसलेल्या छिद्रांत रबरी बुच हवेतच. एक छिद्र उघडं राहिलं तरी बाकीची सगळी सील वाया.

कपलरचं खास ग्रीस करंट अडवेल ही भीतीही अनाठायी. पत्तीच्या दाबाने टेकण्याच्या जागेवरून ग्रीस बाजूला सरतं आणि भोवताली राहून हवा-पाणी रोखतं. थिंबलवर वरून डाग देणं मात्र टाळावं. कथील तारांमध्ये चढून वायर ताठ होते आणि थरथरीत नेमकी तिथेच तुटते. योग्य मापाच्या पक्कडीने केलेल्या पंचिंगमध्ये तारा इतक्या घट्ट दाबल्या जातात, की मध्ये हवेलाही वाट उरत नाही.

शेवटचा समज मीटरचा. मीटर ‘बीप’ वाजला की जोड चांगला, असं धरलं जातं. पण त्या बीपसाठी अगदी नगण्य करंट लागतो. एक तार शाबूत असली तरी तो वाजतो. ट्रॉलीचे टेल आणि ब्रेक दिवे मिळून साधारण ४ अँपिअर घेतात आणि तो सगळा करंट अर्थच्या एकाच पिनेतून परततो. तिथे अर्धा ओहम रोध आला तर १२ पैकी जवळपास २ व्होल्ट वाटेतच जातात आणि उजेड निम्म्यावर येतो. म्हणून दिवे लावून, ब्रेक दाबून ठेवून अर्थच्या जोडाच्या अलीकडे-पलीकडे व्होल्ट मोजावेत. पाव व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला, तर ट्रॉली ऊस भरायला जाण्याआधी पिन बदलून घ्यावी.