बीडाचं इंजिन, सहाची शिफ्ट

जुनी बुलेट बघायला जायचं ठरलं की मालकाला आदल्या दिवशीच फोन करून सांगावं : आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. तापलेलं इंजिन बऱ्याच गोष्टी झाकतं. त्यामुळे अंगणात शिरल्यावर मिस्त्रीने सगळ्यात आधी सिलिंडरवर तळहात ठेवला. थंड लागल्यावरच त्याने हत्यारांची पिशवी खाली ठेवली.

भिलाईच्या टाउनशिपमधलं क्वार्टर. मालक निवृत्त झालेले, क्वार्टर सोडून गावी जायच्या तयारीत. गाडी साडेतीनशे सीसीची, नव्वदच्या दशकातली, एकहाती वापरलेली. माझा भाचा प्लांटमध्ये नुकताच लागलाय. त्याला बुलेटच हवी आहे. ही घ्यायची की शोरूममधून नवी, एवढंच ठरायचं होतं.

ही गाडी भिलाईत इतकी का रुजली, ते इथल्या माणसांकडे पाहिल्यावर कळतं. फेब्रुवारी १९५५ मध्ये सोव्हिएत मदतीने इथे पोलाद कारखाना उभारायचा करार झाला आणि त्याच वर्षी मद्रासला बुलेट बनवणारी एन्फिल्ड इंडिया कंपनी सुरू झाली. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इथल्या पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. लोखंडात आयुष्य घालवलेल्या माणसाला बीडाच्या सिलिंडरचं इंजिन परकं वाटत नाही. बिघाड ऐकू येतो, हाताला लागतो आणि बहुतेक वेळा हातानेच दुरुस्त होतो.

मिस्त्रीने इंजिनाच्या उजव्या अंगाचं टॅपेटचं झाकण काढलं. आत दोन पुशरॉड. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून त्याने प्रत्येक रॉड दोन बोटांत धरून फिरवला. थंड इंजिनात रॉड सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. एक बरोबर होता, दुसरा किंचित सैल. “हे पाच मिनिटांचं काम,” तो म्हणाला आणि पुढे सरकला.

मग किक. जुन्या बुलेटला ताकदीपेक्षा रीत लागते. चावी फिरवून किक हळूहळू दाबायची आणि ॲम्मीटरच्या काट्याकडे बघायचं. काटा मधोमध आला की डिकॉम्प्रेशनचा लिव्हर दाबून किक थोडी पुढे न्यायची, लिव्हर सोडायचा आणि मग पूर्ण किक. भाच्याने हे मधलं सगळं टाळून नुसता जोर लावला, तेव्हा किकने त्याच्या पायाला उलटा झटका दिला. मिस्त्रीने रीतीने केलं आणि गाडी सुरू झाली.

सुरुवातीला निळा धूर आला. याचे दोन अर्थ होतात. या इंजिनाचं तेल वेगळ्या कप्प्यात असतं. गाडी बरेच दिवस उभी राहिली की ते झिरपून क्रँककेसमध्ये उतरतं आणि सुरू करताना जळतं. तसं असेल तर थोड्या वेळात धूर थांबतो. नाही थांबला, तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइड झिजलेत असं समजायचं. धूर थांबला. मिस्त्रीने इंजिनाच्या डोक्याकडे जाणाऱ्या तेलाच्या नळीचा बोल्ट अर्धा आटा सैल केला. तेल पाझरलं, म्हणजे रॉकरपर्यंत तेल पोहोचतंय. कानाला स्क्रू-ड्रायव्हर लावून बिग एंडचा ठोका ऐकला. तिथे मात्र त्याचा चेहरा बदलला. ॲक्सिलरेटर वाढवून सोडला की खालून मंद ठकठक येत होती.

मधल्या स्टँडवर गाडी चढवून मागचं चाक आडवं हलवलं, तर चिमट्याचे बुश गेलेले. पुढे कोनसेट कडक. पेट्रोलच्या नळ्या जुन्याच. आता देशभर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल जुनं रबर फुगवतं आणि ओल धरून ठेवतं, त्यामुळे टाकी आतून गंजू शकते. त्यात असं पेट्रोल भरून गाडी पावसाळाभर उभी ठेवली, तर कार्ब्युरेटर साफ करण्यापासून सुरुवात करावी लागते.

कागद तेवढेच बारकाईने बघावे लागतात. १ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगड झालं; त्याआधीच्या गाड्यांचे नंबर मध्य प्रदेशचे, नंतर दुर्ग जिल्ह्याला सीजी ०७ मिळालं. नोंदणी पंधरा वर्षांची, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. मानेच्या नळीवरचा चेसिस नंबर आणि क्रँककेसवरचा इंजिन नंबर आरसीशी जुळवायचे आणि नोंद परिवहन खात्याच्या ऑनलाइन दप्तरात चढलीय का ते बघायचं. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. मालक हयात नसेल तर वारसाला आधी फॉर्म ३१ भरावा लागतो. या गाडीचे नंबर जुळले, पण नूतनीकरण राहिलेलं होतं.

दुपारी शोरूम. २०२१ पासूनच्या क्लासिक ३५० चं इंजिन ३४९ सीसीचं, २०.२ बीएचपीचं, आत बॅलन्सर शाफ्ट असल्याने हँडल झणझणत नाही. बटण दाबलं की चालू. पुढे डिस्क ब्रेक आणि एबीएस, जुनीला ड्रम. नवीत गिअर डाव्या पायाला. जुनीत उजव्या पायाला गिअर आणि डाव्याला ब्रेक. भाचा बारावीपासून डाव्या गिअरची गाडी चालवतोय. जी.ई. रोडवर समोर अचानक ट्रक वळला, तर त्याचा उजवा पाय सवयीने ब्रेक शोधेल आणि तिथे गिअर असेल. माझ्या लेखी सगळ्यात वजनदार मुद्दा हाच होता. सप्टेंबर २०२५ मध्ये साडेतीनशे सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आल्याने किमतीचं अंतरही थोडं कमी झालंय.

“मामा, पण आवाज तसा नाही,” भाचा म्हणाला. खरं आहे. बीडाच्या इंजिनाचा संथ, सुटा ठोका नव्यात नाही आणि त्या ठोक्यावर जीव जडणं मला पूर्ण मान्य आहे. पण पहिली शिफ्ट सहाला लागते. जुलैच्या पावसात पहाटे पाचला भिजलेल्या पॉइंटशी झटायचं, की गेटवर वेळेत पोहोचायचं? घरात दुसरी गाडी नाही. जुनीला अर्ध्या इंजिनाचं काम, बुश, कोनसेट, नळ्या आणि कागद. आणि हे सगळं होईपर्यंत ती मिस्त्रीकडे पडून राहणार. मे महिन्यात इथला पारा पंचेचाळिसाला टेकतो तेव्हा तापलेलं बीडाचं इंजिन नागपूरच्या रस्त्यावर सावलीत थांबून थांबून न्यावं लागतं, तेही धरायचं.

भाच्याने नवी नोंदवली. माझंही मत तेच होतं : रोजच्या कामाची एकच गाडी असेल तर नवी घ्यावी. घरात स्कूटर आहे, रविवार मोकळा आहे आणि हात काळे करायची हौस आहे, त्याने जुनी जरूर घ्यावी. या गाड्या अशाच माणसांमुळे टिकल्या आहेत. फक्त त्याने गाडीआधी मिस्त्री शोधावा. पुशरॉड बोटांत फिरवून बघणारे लोक आता कमी होत चाललेत. त्यांच्याकडून काम करून घेताना शेजारी उभं राहून ते शिकूनही घ्यावं.