‘काही लागलं तर सांगा’ म्हटल्यावर

गेल्या वर्षी आमच्या वाड्यावर एका घरात कॅन्सर निघाला. आम्ही सगळे भेटायला गेलो, रोझरी म्हटली आणि निघताना ‘काही लागलं तर सांगा’ म्हणालो. त्यांनी कधीच काही सांगितलं नाही. का, ते मला नंतर वाचताना कळलं.

आजार एकाला होतो, पण धसका अख्ख्या घराला बसतो. न्यूयॉर्कच्या डॉ. जिमी हॉलंड यांनी कॅन्सर रुग्णांच्या मनाचा विचार करणारी सायको-ऑन्कॉलॉजी ही शाखा उभी केली. ‘मानसिक आजार’ म्हटलं की माणूस बिचकतो, म्हणून तिथे ‘डिस्ट्रेस’ हा साधा शब्द वापरतात. आपण त्याला मनाची घालमेल म्हणू. ती मोजायला थर्मामीटरचं चित्र असतं, ० ते १०. गेल्या आठवड्यात किती त्रास झाला, त्या आकड्यावर रुग्णाने खूण करायची. ४ किंवा त्याहून जास्त असेल तर पुढची विचारपूस करतात. सोबत एक यादीही असते. तीत भीती आणि दुःख आहे, तसंच पैसा, प्रवास, मुलांना कोण सांभाळणार, हेही आहे.

म्हणजे घालमेल फक्त मनातून येत नाही, ती बसच्या तिकिटातूनही येते. म्हणूनच आधार तीन प्रकारचा लागतो: ऐकून घेणारा, नीट माहिती देणारा आणि हातभार लावणारा. परळच्या टाटा हॉस्पिटलात गावोगावचे रुग्ण येतात. दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत त्यांची आणि नातेवाइकांची राहायची सोय होते. तिथली खाट हाही मनाला मिळालेला आधारच.

आणखी एक गोष्ट. घरचे रुग्णापासून आजाराचं नाव लपवतात आणि रुग्ण घरच्यांसाठी ‘बरं आहे’ म्हणतो. एका छपराखाली दोघंही एकटे पडतात. रात्र रात्र उशाशी बसणाऱ्याला तर ‘तू जेवलीस का?’ असंही कुणी विचारत नाही.

‘काही लागलं तर सांगा’ यात मागायचं ओझं आपण त्यांच्यावरच टाकतो. थकलेल्या माणसाला मागायचीही ताकद नसते, लाजही वाटते. त्यापेक्षा ‘गुरुवारी डबा मी आणते’ किंवा ‘शनिवारी मी बसते त्यांच्याजवळ, तुम्ही झोपा’ असं सांगावं. आणि खरंच जावं.

मी आता जाते. पहिल्या शनिवारी त्या घरची काकू सलग चार तास झोपली.