लायसन्स आहे, पण कशाचं?

दिवाळीच्या सुट्टीत रूममेटच्या गावी, मोलगीला गेले होते. नंदुरबार जिल्ह्यात, अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्याच्या कुशीतलं हे बाजाराचं गाव. देवगोईचा घाट चढून जावं लागतं. बाजारात नजर टाकली तर जिकडेतिकडे मोटारसायकली. आमच्या ॲक्टिव्हाच्या जातीची एखादीच.

संध्याकाळी तिचा दादा म्हणाला, “लायसन्स आहे ना तुझ्याकडे? मग घे गाडी, दोघी जाऊन या.” मी ऐटीत कार्ड काढलं. दादाने ते उलटसुलट पाहिलं आणि किल्ली पुन्हा खिशात टाकली. “हे तर विदाउट गिअरचं आहे गं!”

झाली ना पंचाईत! टू-व्हीलरचं लायसन्स म्हणजे सगळ्या टू-व्हीलरचं, असाच माझा समज होता. परत आल्यावर मेसमध्ये विचारलं, तर अर्ध्या टेबलाचा तोच समज. म्हणून हा लेखनप्रपंच.

गंमत अशी की मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये लायसन्ससाठी स्कूटर, मोपेड असे वेगळे वर्गच नाहीत. दोन चाकांचं मोटार वाहन म्हणजे ‘मोटारसायकल’, मग ती दिसायला कशीही असो. कलम १० तिचे दोनच भाग करतं: विनागिअर आणि गिअरची. त्यामुळे जुनी बजाज चेतक स्कूटर असली तरी डाव्या मुठीत गिअर, म्हणून तिला गिअरचं लायसन्स. २०२० मध्ये आलेल्या इलेक्ट्रिक चेतकला मात्र विनागिअरचं चालतं. नाव एकच, लायसन्स दोन! फिरोदियांच्या कायनेटिकने १९७२ मध्ये आणलेली लुना विनागिअरची. आणि क्लच नाही म्हणजे गिअर नाही, असंही समजू नका. हिरो होंडा स्ट्रीटला क्लचची लिव्हर नव्हती, पण गिअर पायाने बदलावेच लागत.

आता मेकॅनिकलवाले म्हणतील, ॲक्टिव्हातही रेशो बदलतोच की. बरोबर. पट्टा आणि दोन पुली ते काम करतात, पण आपल्याला न विचारता. खरा फरक घाट उतरताना कळतो. मोटारसायकल दुसऱ्या गिअरमध्ये टाकली की इंजिनच गाडीला आवरून धरतं. स्कूटरचा वेग फार कमी झाला की सेंट्रिफ्युगल क्लच सुटतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. गिअर कधी टाकायचा हा अंदाज सरावाशिवाय येत नाही. दादाने किल्ली दिली नाही ते बरंच झालं, असं देवगोईची वळणं आठवली की वाटतं.

ज्यांची भावंडं अकरावी-बारावीत आहेत, त्यांनी जरा लक्ष द्या. ‘सोळाव्या वर्षी चालतं’ हे अर्धसत्य आहे. चालतं, पण इंजिन ५० सीसीपर्यंतचं हवं आणि पालकांची लेखी संमती हवी. शोरूममधली टीव्हीएस एक्सएल सुद्धा आज १०० सीसीच्या घरात, ॲक्टिव्हा तर त्याच्याही वर. म्हणजे भाऊ क्लासला ॲक्टिव्हा नेतो तेव्हा तो बिनालायसन्सच असतो. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९-अ प्रमाणे अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द आणि मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. फक्त २५० वॉटपेक्षा कमी ताकदीच्या, ताशी २५ किमीच्या आत धावणाऱ्या मान्यताप्राप्त इलेक्ट्रिक गाड्यांना लायसन्स लागत नाही.

“पोलीस पकडतील तेव्हा बघू,” असं आमच्या मजल्यावर एकजण म्हणालीच. पण प्रश्न अपघाताचा आहे. स्वरण सिंग खटल्यात (२००४) सर्वोच्च न्यायालयाने नेमका विनागिअर लायसन्सवाल्याचाही उल्लेख केला आहे. चुकीच्या वर्गाचं लायसन्स एवढ्यावरून विमा कंपनीला जखमी माणसाची भरपाई टाळता येत नाही. पण अटीचा भंग सिद्ध झाला तर भरलेली रक्कम कंपनी मालकाकडून वसूल करू शकते. म्हणजे मित्राची बाईक मागून घ्याल आणि बिल जाईल त्याच्या वडिलांच्या नावावर.

उपाय सोपा आहे. त्याच लायसन्समध्ये गिअरचा वर्ग वाढवून घेता येतो. त्या वर्गाचं लर्निंग काढायचं, ते सहा महिने चालतं, आणि तीस दिवसांनंतर टेस्ट द्यायची. लर्निंगवर मागे फक्त शिकवणारा बसवायचा, मैत्रीण नाही. मी अर्ज केलाय. दादा शिकवायला तयार आहे, पण घाटात नाही, शाळेच्या मैदानावर.