पूर थायलंडात, भाव जामखेडात

२०११ सालची दिवाळी नुकतीच झाली होती. कृषी पदविका घेऊन मी तेव्हा नवीनच फिरतीच्या कामाला लागलो होतो. जामखेड तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीत बसलो असताना तिथला संगणक बंद पडला. तपासणाऱ्या पोराने सांगितले, हार्डडिस्क गेली, नवीन टाकावी लागेल. हार्डडिस्क म्हणजे ज्या डबीत सगळी माहिती साठते ती. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी महिन्यापूर्वीचे दरपत्रक काढून दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "भाऊसाहेब, तो भाव आता विसरा. दुप्पट पडेल. थायलंडला पूर आलाय."

भाऊसाहेबांनी फोन ठेवला. "साहेब, लुटायला आता थायलंडसुद्धा सापडला का यांना?" मलाही तसेच वाटले. पण तो माणूस खरे बोलत होता.

शेतकरी बंधूंनो, त्या वर्षी थायलंडात एकामागून एक वादळी पाऊस झाले, धरणे तुडुंब भरली आणि ऑक्टोबरात चाओ फ्राया नदीचे पाणी अयुथया भागातल्या औद्योगिक वसाहतींत शिरले. आठशेहून अधिक माणसे दगावली, भातशेती बुडाली ती वेगळीच. याच भागात वेस्टर्न डिजिटल या कंपनीचा हार्डडिस्कचा मोठा कारखाना होता. हार्डडिस्क बनविण्यात तेव्हा चीनच्या खालोखाल थायलंडचा नंबर होता. शिवाय डिस्क फिरविणारी बारीक मोटर बनविणारे कारखानेही त्याच पट्ट्यात पाण्याखाली गेले, त्यामुळे ज्यांचे कारखाने कोरडे होते त्यांचीही अडचण झाली.

आता तुम्ही म्हणाल, आवक घटली की भाव चढतो, यात नवीन काय? कांद्याचे आपण दरसाल बघतो. पण फरक आहे. कांदा नाशिकला गेला तर पुण्याचा येतो, नाहीतर राजस्थान, कर्नाटकचा येतो, आणि चार महिन्यांत पुढचे पीक उभे राहते. हार्डडिस्क बनविणाऱ्या कंपन्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. तो कारखाना धुळीचा कणही चालत नाही अशा खोल्यांतून चालतो. तिथे गाळ शिरला म्हणजे पंप लावून पाणी काढले अन् सुरू केले, असे होत नाही. महिने जातात. दुसरी गोष्ट, संगणक बनविणाऱ्या बड्या कंपन्यांनी करार करून माल आधीच धरलेला असतो. उरलासुरला माल सुट्या दुकानांत येतो आणि टंचाईचा सगळा भार त्याच्यावर पडतो. म्हणून भाव उसळतो तो तुमच्या-आमच्यासारख्या एक नग घेणाऱ्याला. त्या वर्षअखेरीस मोठ्या कंपन्यांनी काही हार्डडिस्कची हमीची मुदतही कमी केली. पैसे जास्त अन् हमी कमी, असा मामला झाला!

हे पहिल्यांदा घडले असेही नाही. आपल्याकडच्या किल्लारीच्या भूकंपाला सहा वर्षे होत आली असताना, २१ सप्टेंबर १९९९ रोजी तैवानला मोठा भूकंप झाला. सुमारे २,४०० माणसे गेली. संगणकाचे सुटे भाग जिथे बनतात त्या सिंचू गावच्या कारखान्यांच्या इमारती बहुतांशी उभ्या राहिल्या, पण वीज गेली. काही दिवस यंत्रे बंद, तेवढ्यावर संगणकाच्या मेमरीचे भाव जगभर भडकले.

मला मात्र त्याच तैवानची २०२१ ची हकिगत जास्त लागते. आदल्या वर्षी तिथे एकही चक्रीवादळ किनाऱ्यावर आले नाही. आपण वादळाला भितो, तिथली धरणे वादळाच्या पावसावर भरतात. छप्पन वर्षांतला सर्वांत मोठा दुष्काळ पडला. चिप बनवायला पाणी अफाट लागते. तिथल्या सर्वांत मोठ्या कंपनीचे सगळे कारखाने मिळून रोज दीड लाख टनांच्या वर पाणी घेत. कारखान्यांना टँकर लागले. आणि सरकारने सुमारे ७४ हजार हेक्टर शेतीचे कालव्याचे पाणी बंद करून शेतकऱ्यांना नुकसानभरपाई दिली. मे अखेरीस पाऊस आला तेव्हा कुठे सुटका झाली. टँकर अन् चारा छावणी पाहिलेल्या जामखेडकरांना यापेक्षा जास्त सांगायला नको. भरपाईत त्या हंगामाचे पैसे येतात. मजुराचा रोजगार, औजारवाल्याचा धंदा त्यात किती येतो, हे आपल्याला ठाऊक आहे. आपल्या हातातल्या मोबाईलच्या किमतीत कुणाच्या तरी पडीक राहिलेल्या भाताच्या वावराचाही हिशेब धरायला हवा, असे मला वाटते.

मात्र भाव चढला की दरवेळी आपत्तीच असते असे समजू नका. एप्रिल २०२४ मध्ये तैवानला पुन्हा जबर भूकंप झाला, पण कारखाने थोड्याच दिवसांत सुरू झाले. उलट २०२५ च्या अखेरीस मेमरी महागली ती पुरामुळे नाही, तर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांनी माल उचलल्यामुळे. तेव्हा दुकानदार पुराचे नाव सांगू लागला तर कुठला पूर, कधीचा, एवढे जरूर विचारा.

ग्रामपंचायत, सोसायटी, दूध संस्था यांच्या पदाधिकाऱ्यांनी दरपत्रकावर ते किती दिवस लागू राहील हे लिहून घ्यावे. जुने दरपत्रक जोडून मंजुरीला पाठवायचे अन् खरेदी तीन महिन्यांनी करायची, यात हमखास फसगत होते. आणि माहितीची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून दुसऱ्या जागी ठेवावी. भाव दुप्पट असताना घाईने खरेदी करण्याची वेळ बहुतेक प्रत नसल्यामुळेच येते.

आमच्या भाऊसाहेबांनी भाव उतरेल म्हणून वाट पाहिली. संक्रांत गेली, भाव जुन्या पातळीला येईना. निधी ३१ मार्चच्या आत खर्ची टाकायचा होता, म्हणून शेवटी मार्चमध्ये चढ्या भावानेच हार्डडिस्क घेतली. जुन्या डिस्कमधले काही निघाले नाही. घरपट्टीच्या नमुना ८ च्या नोंदी वहीवरून परत भरायला शिपाई आणि भाऊसाहेबांना पावसाळ्यापर्यंत पुरल्या.